सॉकर खेळून आलेले बाप्पा

आमच्या घरात कुणावर चटकन विश्वास ठेवायची पद्धतच नव्हती. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, भोंगा पोंय-पोंय वाजवत दाराशी आला की आई उंडो पाव हातात घेऊन आधी दाबून बघायची, मग मोडून बघायची, मग वास घ्यायची, आणि एवढं करून "कालचोच दिसता" म्हणत ठेवून घ्यायची. मासळीवालीला बांगड्याचे कल्ले तीनतीनदा उघडून दाखवावे लागत. बाबा दुकानात आलेल्या अनोळखी माणसाला "तिकडे पाऊस कसो?" विचारायचे, तेसुद्धा तो नेमका कुठून आला ते काढून घेण्यासाठी. पोर्तुगिजांच्या राज्यात कोण कुणाचा खबऱ्या निघेल ते सांगता येत नसे, म्हणून ही सवय अंगात मुरली, असं बाबांचं म्हणणं. मला ते खरं वाटत नाही. पोर्तुगीज गेले, त्यावर दोन-तीन पावसाळे उलटले, तरी आमचे संशय जागचे हलले नव्हते. आता मी डिचोलीत लेकाकडे राहते, आणि सून दुधाची पिशवी फोडायला घेते तेव्हा तिच्यावरची तारीख अजूनही मीच वाचते. सुनेने त्यावर चिडायचं कधीच सोडून दिलं आहे.

धारगळला रस्त्याला लागून आमचं दुकान होतं. दुकानामागे पोती ठेवायची एक खोली, मग अंगण, आणि अंगणापलीकडे घर. आज त्या रस्त्यावरून विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. तेव्हा मापशाहून येणारी कारेर, म्हणजे आमच्याकडची बस, दिवसातून मोजक्या वेळा यायची आणि तिच्यातून कोण उतरलं ते दुकानातल्या प्रत्येकाला कळायचं. त्या दुपारी उतरला तो एक उंच, वाळका म्हातारा. अंगात जाड तपकिरी कोट, तोही आमच्या उन्हात. डोक्यावर हॅट, हातात पत्र्याची ट्रंक, आणि डावा पाय किंचित ओढत चालायची लकब. मी शाळेतून येऊन दुकानाच्या मेजाशी बसले होते. तो आत आला, बाबांकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "गणू."

बाबांना गणू म्हणणारं माणूस गावात उरलं नव्हतं. बाबांनी तराजू खाली ठेवला. "कोण होयो तुमका?"

"वळखलंस नाय? मी वासू."

"वासू मेलो," बाबा म्हणाले. "आमी तेचां सगळां केलां. बारावो घातलो."

एवढ्यात काकी सुपात तांदूळ घेऊन मागच्या दाराने आली. परका पुरुष बघून ती दाराआड सरकली. त्या माणसाने विचारलं, ही कोण. बाबा मान न वळवता म्हणाले, "वासूची बायल, रुक्मिणी. आणि कोण असतली?" त्यावर तो माणूस दुकानाच्या पायरीवर बसलाच. हॅट गुडघ्यावर घेतली आणि तिची कड बोटांनी चाचपत राहिला. त्याचा चेहरा पार उतरला होता. मी त्याला तांब्याभर पाणी दिलं, ते त्याने हातात तसंच धरून ठेवलं. नवऱ्याला आपली बायको ओळखता येत नाही, एवढंच काय ते त्यातून आम्ही घेतलं.

काकीविषयी सांगायला हवं. ती माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. लग्नात ती बारा वर्षांची होती आणि काका एकोणीसचे. लग्नानंतर ती माहेरीच असायची, सणावाराला चार दिवस यायची. काका मापशाला एका ख्रिस्ती व्यापाऱ्याच्या दुकानात कामाला होते. एक दिवस ते तिथून नाहीसे झाले. मुरगावहून बोटीवर चढले एवढीच बातमी आली. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की तो मेला असं धरून त्याचे विधी करायचे, हा आपल्याकडचा नियम. तसं बाबांनी पळसाच्या पानांचा माणूस करून घेतला, त्याला अग्नी दिला, आणि काकीच्या हातातल्या बांगड्या फुटल्या. तेव्हा ती पंचविशीच्या आत होती. नवऱ्याला तिने उभ्या आयुष्यात पाच-सहा वेळा पाहिलं असेल, तेही खाली मान घालून. त्यानंतर तीस वर्षं ती आमच्या घरात पांढऱ्या कपाळाने वावरली. शुभकार्यात ती पुढे यायची नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात सगळ्या नेवऱ्या तिच्या हातच्या होत्या आणि ती स्वतः मात्र मांडवात कुणाच्या नजरेस पडली नव्हती.

आता हा माणूस खरा वासू निघाला, तर काकी कधी विधवा झालीच नव्हती. खोटा निघाला आणि आम्ही त्याला घरात घेतलं, तर ती कुणा परक्याची बायको म्हणून मिरवली असती. दोन्हींतलं काहीही झालं तरी भोगायचं तिनेच होतं, आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं.

मेलेल्या माणसाला उंबरा ओलांडू देता येत नाही, म्हणून बाबांनी त्याला दुकानामागच्या खोलीत ठेवलं. पोती एका बाजूला सारून बाकडं टाकलं. त्याचं ताट पोचवायचं काम माझ्याकडे आलं. त्याला बाप्पा, म्हणजे थोरला काका, म्हणायचं की नाही ते ठरायचं होतं, म्हणून मी काहीच म्हणत नसे, नुसतं "जेवण" म्हणून ताट ठेवायची. सकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा, दुपारी हुमण-भात, कधी अळसांद्याचं तोंडाक. पहिल्या दिवशी त्याने कुलेर मागितली. आई म्हणाली, "बघ, हातान जेवूक येना नाय. हो आमचो कसो?" चार दिवसांनी तो हाताने जेवू लागला, तर आई म्हणाली, "बघ, किती बेगीन शिकलो!" चहा तो बिनदुधाचा प्यायचा. सकाळी उठून खोलीतल्या खोलीत गुडघे वर-खाली करायचा. बोलणं अडखळत, पण शब्द सगळे जुने, आमच्या आजीच्या तोंडी असायचे तसले. हे लक्षात आल्यावर मला वाटलं की हीच खूण पुरे. सर्वणहून आत्या आली होती, तिला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "कोणा म्हाताऱ्याकडसून शिकान आयलो असतलो." आत्यापुढे माझं काही चालत नसे.

आपण अमेरिकेहून आलो, असं तो सांगत होता. तिथे काय करत होतास, असं बाबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, सुरुवातीला कापडाच्या गिरणीत होतो, आणि सॉकर खेळायचो. सॉकर म्हणजे काय ते कुणाला कळेना. शेवटी त्याने पायाने हवेत मारून दाखवलं. "फुटबॉल!" बाबा गरजले. "अख्ख्या गोंयात फुटबॉल म्हणतत, आणि हो सॉकर म्हणता!" दुसऱ्या दिवशी गावभर झालं की धारगळच्या दुकानात एक माणूस आला आहे आणि त्याला फुटबॉलचं नावसुद्धा धड ठाऊक नाही.

कापणी होऊन शेतं सुकली होती. बांबूचे खांब रोवून पोरं तिथे संध्याकाळी अनवाणी खेळायची. तो बांधावर जाऊन बसू लागला. पोरांनी त्याला एक किक मारून दाखवा म्हणून गळ घातली. त्याने मान हलवली आणि डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. पोरं हसली. पण त्यांचा चामड्याचा चेंडू शिवणीत उसवला होता तो त्याने मागून घेतला आणि खोलीत आणला. मी ताट घेऊन गेले तेव्हा तो बाकड्यावर बसून चेंडूची वादी ओवत होता. वादीची गाठ त्याने टोच्याने आत दाबली आणि बोट फिरवून कुठे उंचवटा राहिला का ते पाहिलं. मग मला म्हणाला, "गाठ भायर रवली की कपाळ फाटता. हेडर मारताना." त्याने केस मागे सारून कपाळ दाखवलं. तिथे बारीक बारीक पांढऱ्या रेघा होत्या, सहा-सात तरी. नंतर चेंडूला चोळायला त्याने चरबी मागितली. आईने खोबरेल दिलं, आणि चरबी मागितली ही गोष्ट बाबांच्या कानावर घातली.

मी तेव्हा नववीत होते आणि नव्याने सुरू झालेल्या इंग्रजी शाळेत जात होते. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच. हे त्याला कळल्यावर त्याने ट्रंकेतून एक वही काढली. तिच्यात एक फोटो चिकटवलेला होता: आडव्या पट्ट्यांचे सदरे घातलेले अकरा जण, गुडघ्यापर्यंत मोजे, मध्ये चेंडू. डावीकडच्या टोकाला एक सडपातळ, सावळा पोरगा. बाबांच्या तरुणपणीच्या फोटोत होते तसेच कान, हे मी कुणाला सांगितलं नाही. कान काय, कुणाचेही असतात. फोटोखाली वर्तमानपत्राचं कात्रण होतं. त्यात लिहिलं होतं की गिरणीच्या संघाने पावसात सामना जिंकला, डाव्या बगलेचा गडी जोझे फर्नांडिस याने दोन गोल केले, आणि शेवटची वीस मिनिटं तो पायाची पर्वा नसल्यासारखा धावला.

"जोझे कोण?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला.

हळूहळू त्याने सांगितलं. मापशाला तो ज्या व्यापाऱ्याकडे होता त्याच्या मुलाचं नाव जोझे. दोघे मिळून इगर्जीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, मैदानात खेळायचे. जोझेला बोटीवर कोळसा टाकायचं काम मिळालं, कागद आले, आणि निघायच्या आठवड्यात तो तापाने पडला. जोझे म्हणाला, माझ्या कागदांवर तू जा. बोट अमेरिकेच्या एका बंदराला लागली तेव्हा हा खाली उतरला तो परत चढलाच नाही. जवळच्या गिरणगावात पोर्तुगिजांची वस्ती होती. कागदावर पोर्तुगीज, रंगाने सावळा, कुणी फार विचारलं नाही. गिरणीत स्कॉटलंड-इंग्लंडकडचे विणकर होते. ते दर शनिवारी अर्धा दिवस काम आटपून सामने खेळायचे. एकदा त्यांचा एक गडी आला नाही आणि याने बूट न घालता मैदानात उडी घेतली. पुढच्या सोमवारपासून गिरणीच्या साहेबाने याला यंत्रावरून काढून दारवानाचं हलकं काम दिलं, पाय शाबूत राहावेत म्हणून. बर्फ बाजूला सारून खेळायचे. पावसात भिजलेला चेंडू इतका जड व्हायचा की डोक्याने मारला की दात वाजायचे. रविवारी रस्त्यावरची पोरं याच्या मागे जोझे, जोझे करत धावायची. सहा-सात वर्षं हे असं चाललं. मग गिरण्या बंद पडत गेल्या, संघ मोडले, हा दुसऱ्या गावी पोलादाच्या कारखान्यात गेला. तिथेही खेळला आणि गुडघा गमावून बसला. त्यानंतर तीस वर्षं एका शाळेची झाडलोट आणि भट्टी सांभाळली. त्या शाळेतल्या पोरांना म्हणे बेसबॉल तेवढा माहीत होता.

हे सगळं मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरून ठेवत होते. आठ दिवसांनी तेच पुन्हा विचारायचं आणि ताडून बघायचं, असा माझा डाव. कोणत्या बाजूला खेळायचास, सदऱ्याचा रंग कोणता, गोलरक्षक कुठला. तो एकदाही अडकला नाही. त्याचाच मला जास्त संशय आला. खरं सांगणारा माणूस थोडंफार तरी विसरतो, असं मला वाटायचं. हसू येतं आता. परवा माझ्या नातीने कॉम्प्युटरवर शोधून त्या गिरणीच्या संघाच्या खेळाडूंची जुनी यादी काढून दिली. जे. फर्नांडिस, डावी बगल, जन्म पोर्तुगाल. धारगळचा तिथे पत्ताच नाही. मी ती यादी दोनदा वाचली आणि मला वाईट वाटलं, रागही आला, कुणाचा ते सांगता येणार नाही.

त्याने मला एक विनंती केली होती. जोझे हे नाव घरात कुणाला सांगू नकोस, बाटला म्हणतील. मी होय म्हटलं. पण माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं. हा वासूकाका जोझे झाला, की कुणी जोझे आता वासूकाका होऊ बघतो आहे? मापशाच्या त्या जोझेला आमच्या घरची खडान्खडा माहिती असणारच. बाबांचं लहानपणचं नावसुद्धा. ते कान सोडले तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ-दहा दिवस मी ते नाव पोटात ठेवलं. शप्पथ सांगते, आईला नाही, बहिणीला नाही, कुणाला नाही. काकी एकदा ताट भरता भरता मला म्हणाली, "बाय, तो जेवताना घास खंयच्या हातान मोडता?" मी म्हटलं, उजव्या. ती "बरां" म्हणाली. कशासाठी विचारलं ते तिने सांगितलं नाही.

आत्याने परीक्षा सुरू केल्या. विहिरीत कोण पडलं होतं, परसातला कुठला फणस कापा, शेजारच्या म्हातारीला काय चिडवायचे. निम्मी उत्तरं बरोबर यायची. बरोबर आली की आत्या म्हणायची, कुणीतरी शिकवून पाठवलं आहे, चुकली की म्हणायची, बघा. भटजींना विचारलं. ते म्हणाले, माणूस खराच परत आला असेल तर त्याला मोठ्या भांड्यात तूप-पाण्यात बसवायचा, नव्याने जन्मला असं धरून बारसं करायचं, आणि त्याच बायकोशी परत लग्न लावायचं. साठीच्या माणसाचं बारसं ही कल्पना ऐकून मला हसू फुटलं, आणि आईने डोळे वटारले. पण तो खरा आहे का, हे मी कसं सांगणार, भटजी म्हणाले. देवीला कौल लावा.

सोमवारी सकाळी आम्ही सगळे देवळात गेलो. बाबा, आई, आत्या, मी, तो, आणि सर्वांत मागे काकी, खांबाच्या कडेला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं: हा माणूस गणूचा सख्खा भाऊ वासू असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. मग वाट बघणं. घंटेला कुणी हात लावत नव्हतं. बाहेर माडावर कावळे भांडत होते तेवढाच आवाज. बाबांच्या मानेवर घाम आला होता. मी त्यांच्या मागेच उभी होते, म्हणून मला दिसलं. मला वाटलं, भाऊ खरा निघावा म्हणून त्यांचा जीव वरखाली होतो आहे.

उजवी पाकळी पडली.

आईने हात जोडले. गुरव "दिली! दिली!" म्हणाला. आणि बाबा एकदम तडकले. "परत लाय! वाऱ्यान पडली ती. हो वासू आसा तर विचार तेका, जोझे फर्नांडिस कोण? किरिस्तांव होवन रवलो तो आमच्या घरात येतलो?"

तो माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली, मी नाही, मी नाही. त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने नजर बाबांकडे वळवली. आत्या, आई, गुरव, सगळ्यांना एवढंच ऐकू आलं की माणूस बाटलेला आहे. मला मात्र कळत होतं की हे नाव या देवळात दोघांनाच ठाऊक असायला हवं होतं. पण बापाला असं विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

विचारलं ते काकीने. खांबाकडून दोन पावलं पुढे आली. "भावोजी, ह्यां नाव तुमका कोणी सांगल्यान?"

बाबा म्हणाले, याने सांगितलं. "मी सांगूक नाय," तो म्हणाला. मग म्हणाले, शालूने. "मी नाही," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. बाबा आत्याकडे बघू लागले. आत्या जमिनीकडे बघत होती. माझ्या बाबांना मी पहिल्यांदाच असं पाहत होते. तेवढ्या वेळात त्यांच्या बाजूने बोलेल असं त्यांना एकही माणूस सापडलं नाही.

शेवटी ते सभामंडपाच्या पायरीवर बसले आणि सांगू लागले. काका गेल्यानंतर पाचव्या वर्षी पत्र आलं होतं, काकांच्या स्वतःच्या अक्षरात. उत्तर जोझे फर्नांडिस या नावाने पाठव, असं त्यात होतं. आजोबा वारले होते, बाबा अठराचे. आत्याचं लग्न सर्वणच्या घरी ठरलं होतं. भाऊ किरिस्तांवाच्या नावाने राहतो हे कळलं असतं तर ते मोडलं असतं. बाबांनी पत्र चुलीत घातलं. सांगितलं फक्त आत्याला.

"पत्रात काय होतां?" काकीने विचारलं.

बाबांनी तोंड फिरवलं. तोच बोलला, अडखळत. "बरयलां होतां, रुक्मिणी आता मोठी झाली असतली. मुंबयक एका मनशाकडे पोचव. बोटीची सोय केलंय. दोन खोल्यो घेतलंय."

"आणि भावोजींनी काय उत्तर धाडल्यानी?"

यावर त्याने बाबांकडे बघितलं. तिने परत विचारलं. तेव्हा बाबाच म्हणाले, "तूं पटकेच्या साथीन मेलंस म्हणान."

त्या दुपारी पायरीवर बसून तो हॅटची कड का चाचपत होता ते मला त्या क्षणी कळलं. आणि एवढे दिवस त्याने तोंड का उघडलं नाही तेही. या घरात त्याला जागा हवी होती, आणि ती देणारा हाच भाऊ होता. काकीने पदर सावरला. ती रडेल असं मला वाटलं, पण तिचा चेहरा कोरडा होता. "म्हणजे आदी मी मेलंय," ती म्हणाली. "मगे तुमी."

मला बाबांची लाज वाटली. आजही वाटते, आणि त्याच वेळी अठरा वर्षांचा, बापाविना, लग्नाची बहीण घेऊन बसलेला पोरगाही डोळ्यांपुढे येतो. मी त्यांना पुरतं माफ केलं नाही, आणि त्यांना शेवटी हातांवर उचलून न्हाऊ घालणारीही मीच होते. पुढे ते काकीशी कधी नजर देऊन बोलले नाहीत. आत्याने सर्वणची वाट धरली ती त्याच दुपारी, जेवायलासुद्धा थांबली नाही.

भटजींनी बारशाचा आणि लग्नाचा मुहूर्त काढून पाठवला. आईने हिरव्या बांगड्या आणल्या. काकीने त्या बघितल्या आणि ठेवून द्यायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेचं ताट घ्यायला मी गेले तर ती म्हणाली, "आज मी व्हरतंय." मी तिच्या मागोमाग गेले. संशय म्हणा, उत्सुकता म्हणा. दाराबाहेर पोत्यांच्या आडोशाला उभी राहिले.

तिने ताट बाकड्यावर ठेवलं. तो उठू लागला तर हाताने बसा म्हणाली. स्वतः उंबऱ्याशी जमिनीवर बसली, पदर डोक्यावर, पण मान वर. चाळीस वर्षांत त्या दोघांत झालेलं हे पहिलं बोलणं.

"मी मेलंय म्हणान पत्र आयलां, तेदना तुमी काय केलात?"

"शनवार होतो," तो म्हणाला. "मॅच होती. गेलंय आणि खेळलंय."

"जिकलात?"

"जिकलंय."

"बरां केलात," काकी म्हणाली. मग पेज निवते आहे, खावा, म्हणाली. तो खाऊ लागला. पदेर रस्त्याने पोंय-पोंय करत गेला आणि ती तो जाईपर्यंत थांबली. "तुमी बोलयलां असतां तरी मी येवक नसतंय," ती म्हणाली. "तितक्या लांब, दर्यापल्याड, मी भियालंय असतंय. पण नको म्हणूक तरी माका मेळाक होयां होतां."

त्याने कुलेर खाली ठेवली. मला तिथून निघून जायला हवं होतं, पण मी उभीच राहिले.

"त्यो दोन खोल्यो," काकी म्हणाली. "खंय होत्यो?"

"तिसऱ्या माळ्यार. जिनो भायरसून. लाकडाचो."

"चूल खंयच्या बाजून?"

त्याने हाताने दाखवलं: इकडे दार, इकडे चूल, इकडे खिडकी. काकीने त्याचा हात धरला नाही, पण त्याने हवेत काढलेल्या त्या भिंतीवर तिने बोट ठेवलं, नेमकं खिडकी होती तिथे. "आणि हय उबी रवान," तिने विचारलं, "माका तुमचो खेळ दिसलो असतो?"